मे महिन्यातही न फुटणारं टेबल घरीच कसं बनवायचं

माझं पहिलं टेबल मी पोळ्याच्या आसपास बनवलं आणि पुढच्या मे महिन्यात एका दुपारी ते फुटलं. फुटलं म्हणजे खरंच आवाज करून, टक्क! मी झोपलो होतो, वाटलं कूलरचा पंप गेला, उठून पाहतो तर टेबलाच्या वरच्या पाटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर. लाकूड सागवान होतं, फेविकॉल भरभरून लावला होता, खालून अठरा स्क्रू घट्ट आवळून मारले होते. आणि तिथंच गोची झाली होती. नंतर एका जुन्या मिस्त्री काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "तू त्याले बांधून ठेवलं बाबू, आकसाले जागाच नाही ठेवली, मंग ते फुटन नाही त काय करन."

तेव्हापासून घरात सहा-सात वस्तू केल्या, एक बाक, दोन शेल्फ, पोरीचं स्टडी टेबल, जुन्या दाराचा एक दिवाण, आणि परत काही फुटलं नाही. व्हिडिओ पाहून शिकायला गेलं तर ती सगळी पोरं कुठल्या तरी थंड देशातल्या गॅरेजमध्ये काम करून राहिलेली असतात, त्यांची मशिनं वेगळी, लाकूड वेगळं, आणि मुख्य म्हणजे हवा वेगळी. म्हणून हे नागपूरच्या हिशोबानं लिहितोय.

तर आधी हवेचंच. लाकूड वाळलं तरी ओलावा घेत-सोडत राहतं. आपल्याकडे मेच्या दुपारी पारा ४५ ला टेकतो आणि हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तीनच महिन्यांनी ऑगस्टच्या सकाळी तोच ८० च्या वर असतो. एवढ्या फरकात लाकूड फुगतं आणि आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत म्हणजे रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही, रुंदीत मात्र हलतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड आहे, तरी २४ इंच रुंद पाट वर्षभरात दीड-दोन सूत कमीजास्त होऊ शकतो. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ८ सूत म्हणजे १ इंच, मिस्त्री लोक याच भाषेत बोलतात, शिकून घ्या नाहीतर दुकानात तुमच्याकडे बघून हसतील.) दीड-दोन सूत काही मोठं वाटत नाही, पण तो पाट तुम्ही अठरा स्क्रूंनी जखडला असेल तर तेवढंच त्याला फोडायला पुरतं.

आणि कूलर! कूलरच्या समोर ठेवलेलं फर्निचर तर बिचारं मेमध्येच पावसाळा भोगतं, कूलरकडची बाजू ओली आणि मागची भट्टी, मग पाट वाकतो. टेबल कुठं ठेवायचं ते बनवायच्या आधी ठरवा.

आता लाकूड कोणतं घ्यायचं. लकडगंज म्हटलं की लाकूड, हे नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. तिथं सागवान घनफुटावर मिळतं आणि हिशोब असा, की फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४. हा हिशोब घरून करून जा, मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण तिथं करवतीच्या आवाजात डोकं चालत नाही. विदर्भाचं सागवान म्हणजे आपल्याला घर की मुर्गी वाटते, पण अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहूनच सागवान गेलं होतं, म्हणजे माल काय दर्जाचा आहे ते समजून घ्या. घेताना दोन गोष्टी पाहा. एक, कडेला पिवळट-पांढरा पट्टा किती आहे, तो सालीजवळचा कच्चा भाग असतो, उधई आणि घुण पहिले तोच खातात, आतला तपकिरी भाग टिकतो. "सागवानाला उधई लागत नाही" असं सगळे म्हणतात, ते फक्त आतल्या भागाचं खरं आहे. दुसरं, फळीच्या एका टोकाला डोळा लावून बंदुकीसारखं बघा, वाकडी किंवा पीळ पडलेली असेल तर बाजूला ठेवा, दुकानदार कितीही म्हणो की रंध्यात निघून जाईल.

बिल घ्या. गावी वावरात सागवान उभं असेल आणि तेच कापून आणायचा विचार असेल तर थांबा, घरचं झाड असलं तरी कापायला आणि गाडीत घालून आणायला वनविभागाची परवानगी लागते, नाहीतर टेबलापायी चकरा मारत बसाल.

नवीन सागवान परवडत नसेल (कोणालाच परवडत नाही म्हणा) तर दोन रस्ते आहेत. जुने वाडे पाडतात तेव्हा दारं, चौकटी, वासे विकायला निघतात, ते लाकूड पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं असतं आणि आता त्याची हालचाल नव्या लाकडापेक्षा कमी. फक्त आत खिळे असतात, एखादा खिळा आत राहिला की ब्लेडचे दात जातात, म्हणून चुंबक फिरवून सगळे खिळे काढल्याशिवाय करवत लावायची नाही. दुसरा रस्ता म्हणजे पॅलेट. हिंगणा आणि बुटीबोरीकडं कंपन्यांच्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट भंगारात निघतात, बहुतेक पाइन असतं, नरम आहे पण शिकायला मस्त. त्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का असतो, त्यात इंग्रजीत एचटी लिहिलं असेल तर ते लाकूड फक्त तापवून किडे मारलेलं आहे, ते घ्या. एमबी लिहिलं असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, ते घरात आणू नका, चुलीत तर अजिबातच घालू नका.

पहिल्या टेबलासाठी माझा सल्ला मात्र असा: पाय आणि चौकट सागवानाची, आणि वरचा पाट प्लायचा. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात त्यामुळे तो रुंदीत हलत नाही, म्हणजे फुटायची भानगडच नाही. ८ बाय ४ ची शीट येते, टेबलाच्या पाटाला १८-१९ एमएम. शिक्का पाहा: आयएस ३०३ मध्ये एमआर (दमट हवेला टिकणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) असे दोन प्रकार, आयएस ७१० म्हणजे मरीन. टेबलाला बीडब्ल्यूआर पुरे, मरीनचे पैसे सिंकखालच्या कपाटासाठी ठेवा. आणि शीट दुकानातच कापून घ्या, त्यांची मशीन सरळ कापते, आपली करवत सरळ कापत नाही. घरी फक्त आडव्या पट्ट्या आणि पाय कापायचे.

माप. हे सगळ्यात मजेचं काम आहे आणि लोक इथंच घाई करतात. बाजारचं टेबल सगळं २९-३० इंच उंच, कारण ते कोणाच्याच मापाचं नसतं. घरी बनवायचा खरा फायदा हाच आहे. ज्याच्यासाठी टेबल आहे त्याला त्याच्या खुर्चीवर बसवा, खांदे सैल, हात कोपरात वाकवून, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. टेबलाची उंची तिथं किंवा अर्धा इंच वर. माझ्या पोरीचं आलं २५, माझं २८. पोरीसाठी मी २५ चं टेबल केलं आणि पायाखाली लावायला ३ इंचाचे सागवानी ठोकळे वेगळे ठेवलेत, वाढली की लावू. आजीसाठी बाक करत असाल तर उलटं, बसायची उंची १८-१९ इंच ठेवा, कमी ठेवली की गुडघ्यांतून उठताना त्रास. जमिनीवर बसून लिहायचं असेल तर १२ इंच पुरतं.

आता मोठ्या माणसासाठी साधं टेबल धरू, ४८ बाय २४ इंच, उंची २९. पाट पाऊण इंच, म्हणजे पाय २८ इंच २ सूत, चार नग, २ बाय २ चे. पाट चारी बाजूंनी १ इंच बाहेर ठेवायचा, म्हणजे चौकट बाहेरून ४६ बाय २२, त्यातून पायांचे दोन-दोन इंच गेले की आडव्या पट्ट्या ४२ इंचाच्या दोन आणि १८ इंचाच्या दोन, ३ इंच रुंद, १ इंच जाड. सगळं मिळून अर्ध्या घनफुटाच्या आत बसतं, तरी वाया जाणारं धरून पाऊण सांगा. पाटाच्या कडेला सागवानाची २ सुताची पट्टी लावणार असाल तर प्लाय ४७ इंच ४ सूत बाय २३ इंच ४ सूत कापायला सांगा, हे मी पहिल्यांदा विसरलो आणि टेबल अर्धा इंच मोठं झालं, खिडकीच्या कोनाड्यात बसेना.

लाकूड आणलं की लगेच कापू नका. ज्या खोलीत टेबल राहणार त्याच खोलीत आडवं, खाली पट्ट्यांचे टेके देऊन, हवा खेळेल असं दोन-तीन आठवडे ठेवा. बायको म्हणेल हा काय पसारा. सांगा, लाकूड घरच्या हवेची सवय करून घेऊन राहिलं.

औजारं फार लागत नाहीत. ड्रिल मशीन, बारीक दातांची हातकरवत, गुण्या (काटकोन बघायचा), टेप, अर्ध्या इंचाची पटाशी (लाकूड कोरायची), छोटा रंधा, चार शिकंजे (लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प), आणि ८ एमएमच्या डॉवेलसाठी, म्हणजे जोडात घालायच्या गोल लाकडी खुंट्यांसाठी, भोकं सरळ पाडणारा जिग. इतवारी-गांधीबागेत हार्डवेअरच्या दुकानांत सगळं मिळतं. शिकंजे जेवढे वाटतात त्यापेक्षा दोन जास्त घ्या, चार कधीच पुरत नाहीत.

एक गोष्ट मात्र हात जोडून. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून कापायचं नाही. मिस्त्री लोक करतात, गार्ड काढून करतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांची बोटं पाहा एकदा. ब्लेड लाकडात अडकलं की ग्राइंडर उलटा उसळतो आणि तो हातात धरून राहणं कोणाच्याच बसची बात नाही. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पोरं-पोरी सगळे तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात, बाहेरून आल्यावर तसंच ड्रिल हातात घेऊ नका, दुपट्टा काढा, बाह्या वर करा, चष्मा लावा. नाकाला मास्क लावा, सागवानाच्या भुश्श्यानं बऱ्याच लोकांना खाज आणि शिंका येतात, मला येतात.

जोडणी. चार पाय एकत्र उभे बांधून वरच्या टोकाला एकदाच खुणा करा, वेगवेगळ्या केल्या की एखादा पाय हमखास चुकतो. प्रत्येक पट्टीच्या टोकाला दोन डॉवेल. ४० एमएमचा डॉवेल असेल तर पायात २२ आणि पट्टीत २२ असं खोल भोक, ते जास्तीचे ४ एमएम फेविकॉलला जागा म्हणून, नाहीतर आत फेविकॉल दाबला जाऊन डॉवेल पूर्ण बसतच नाही आणि तुम्ही हातोडी मारत बसता. ड्रिलच्या बिटला २२ वर टेप गुंडाळून ठेवा. आणि पायाच्या दोन शेजारच्या बाजूंची भोकं एकाच उंचीवर पाडू नका, आत जाऊन एकमेकांना भिडतात. एका बाजूची थोडी वर, दुसरीची थोडी खाली.

पहिले फेविकॉल न लावता सगळं बसवून पाहा. बसलं? मग काढा, आणि आधी १८ इंचाच्या बाजू चिकटवा, म्हणजे दोन पाय आणि मधली पट्टी, अशा दोन शिड्या. त्या रात्रभर शिकंज्यात. दुसऱ्या दिवशी ४२ च्या पट्ट्यांनी दोन्ही शिड्या जोडा. लगेच दोन्ही कर्ण मापा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नसतील तर लांब कर्णाच्या बाजूनं हळू दाबा, फेविकॉल ओला आहे तोवरच हे जमतं. एप्रिल-मेमध्ये तो पाच मिनिटांत साय धरतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाला करा, नाहीतर करूच नका. दुपारी बारा ते चार पंख्याखाली पाणी पिऊन पडा.

खरं म्हणजे या सगळ्या कामाला दिवाळी ते होळी हा सीझन. हवा मधली असते, फार ओली नाही फार कोरडी नाही, लाकूडही मधल्या मापात असतं, मग ते दोन्हीकडे थोडं-थोडंच सरकतं.

आत चारी कोपऱ्यांत तिरपे ठोकळे फेविकॉल आणि स्क्रूनं बसवा. स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडायचंच, सागवान टोकाजवळ चटकन तडकतं. काळे पीओपीचे स्क्रू स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, त्यांची मान मोडते, आणि मोडलेला स्क्रू काढणं म्हणजे एक संध्याकाळ गेली.

पाट प्लायचा असेल तर खालून एल पट्टीनं आवळून टाका, विषय संपला. पण पुढंमागं पूर्ण सागवानी पाट करायचा असेल, आणि एक टेबल झालं की तो किडा डोक्यात येतोच, तर इथं लक्ष द्या. एल पट्टी अशी घ्या ज्यात गोल भोक नाही, लांबट खाच असते, आणि स्क्रू खाचेच्या मधोमध मारा, रेषांना आडवी सरकेल अशी. किंवा लाकडाचे गुटके करा: चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडायची, गुटक्याची जीभ त्या खाचेत, आणि गुटका स्क्रूनं फक्त पाटाला. मग पाट वर्षभर आत-बाहेर सरकत राहतो, टेबलाला पत्ताही लागत नाही. जुन्या काकांनी मला हेच दाखवलं होतं, आणि माझे अठरा स्क्रू मोजून बराच वेळ हसले होते.

पॉलिश पेपर ८० नंबर, मग १२०, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेनं, आडवा घासला की ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश लावल्यावर सगळे वर येतात. फिनिशमध्ये लोक फार गोंधळतात. लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरी गोल चकती उमटते, आणि भर पावसाळ्यात मारलं तर ओलावा अडकून सगळंच पांढुरकं होतं. स्टडी टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारा. आणि साधं, हातानं पुन्हा-पुन्हा लावता येईल असं पाहिजे असेल तर जवसाचं तेल, पण घाणीवरचं, चटणीवर घेतो ते कच्चं तेल लावलं तर आठवडे चिकट राहतं, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या. पातळ हात, अर्ध्या तासानं पुसून घ्यायचं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं, असे तीन हात. तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, नागपूरच्या उन्हात तर विचारूच नका. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

पायांच्या तळाला विसरू नका. रोजचा पोछा लागतो, आणि लाकूड टोकाकडून पाणी नळीसारखं ओढतं. तळाला पीयूचे तीन-चार हात द्या आणि रबरी बूट घाला. भिंतीपासून इंचभर लांब ठेवा, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीतून उधई सरळ फर्निचरमध्ये शिरते.

शेल्फ करणार असाल तर १८ एमएमच्या प्लायवर पुस्तकं ठेवायची तर दोन टेक्यांमधलं अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर वर्षभरात मधे झोळी. पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी लावली की बराच फरक पडतो, जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट नाही, वाकण्याच्या बाबतीत आठपट होते, तो हा हिशोब. ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनल लावायचे तर पेटी जागेपेक्षा १ इंच कमी करा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच चॅनल खातो.

आणि हे सगळं वाचून भीती वाटली असेल तर टेबल सोडा, तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यासाठी लाकडी नंदी करून पाहा. चार चाकं, एक पाट, वर बैल, दोरी. कापणं, घासणं, भोक पाडणं सगळं त्यात येतं, चाक वाकडं झालं तरी पोट्टा ओढतोच.

लाकडी सरकपट्टीवर चालणारा जुना ड्रॉवर असेल तर शेवटचं एक. जुलैत तो अडकणार. अडकला की लगेच रंधा मारायला जाऊ नका, कडेला मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत कळ काढा, तो आपोआप सैल होतो. मी एकदा जुलैत रंधा मारून मोकळा झालो, आता दर मे महिन्यात तो ड्रॉवर खुळखुळतो आणि बाजूला पोस्टकार्डाची घडी खोचून ठेवावी लागते.